पंचफुला थूल, लंबी रोटीवाली

पंचफुलावर माझा विश्वास कधी बसला नाही. आता तिचं नाव निघालं की गावातले सगळे तोंड भरून बोलतात. तिला म्हणे पहिल्यापासून सगळेच मानत होते. खोटं आहे. मी तिच्या समोर राहत होते. कोण काय बोलत होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यात माझाही आवाज होता. म्हणून जे होतं ते लिहिते.

आमची गल्ली सिंदी रेल्वेला, जिनिंगच्या मागे. नालीच्या अलीकडे आमची हिंदूंची घरं, पलीकडे बौद्धांची वस्ती. अलीकडचं शेवटचं घर माझं, पलीकडचं पहिलं तिचं. नालीवर एक फरशी टाकलेली होती. त्या फरशीवरून आम्ही एकमेकींच्या घरी जात नव्हतो. बोलणं व्हायचं ते आपापल्या दारात उभं राहून, मोठ्यानं. तिच्या हातचं पाणी मी पीत नव्हते. हे आता लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

बाई उंच. खांदे पुरुषासारखे. मनगटात नवऱ्याचं घड्याळ. नवरा देवराव दिवसभर मुकाट्यानं लाकडं फोडायचा. घड्याळाची गरज तिलाच होती. ती हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. आवाज न करता हसणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं आहे हे कळत नाही, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

जिनिंगमध्ये ती कापूस निवडायच्या कामावर होती. माझे मालक तिथंच काट्यावर होते. नव्वद सालाच्या आसपास जिनिंग बंद पडलं. बाकीच्या बाया निंदायला, वेचायला जाऊ लागल्या. पंचफुला गेली नाही. घरीच राहिली, आणि तरी तिच्या तोंडावर काळजी दिसेना. काम सुटलेली बाई खुशीत दिसली की मला शंका येते.

एका सकाळी मी दारात सडा टाकत होते. समोर पाहते तर पंचफुला अंगणात उभी, डोळे अर्धे मिटलेले, आणि एक ओलं फडकं या हातावरून त्या हातावर उडवते आहे. कोपरापर्यंत पसरवते, फिरवते, पुन्हा उडवते. तोंडानं काहीतरी पुटपुटते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी ओरडले.

"काय करून राह्यली व हे? कोनावर करून राह्यली?"

ती थांबली नाही. "करनी नाई बाई. आमी थे मानत नाई. तुमी मानता."

"मंग ओलं फडकं काऊन उडवून राह्यली?"

"हाताले शिकवून राह्यली."

"अन् तोंडानं काय म्हनते?"

"मोजून राह्यली. एका मिनटात किती होते थे."

ती लंबी रोटी शिकत होती. म्हणजे रोटी तिला येतच होती, तिच्या आईची होती. तिला वेग शिकायचा होता. लंबी रोटी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मातीचं मडकं उपडं ठेवायचं. गव्हाचं पीठ कापडातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात इतकं पातळ भिजवायचं की ते हातातून ओघळलं पाहिजे, आणि परातीत उचलून उचलून आपटायचं. मग त्याचा गोळा हातावर घेऊन, या हातावरून त्या हातावर झुलवत, कोपरापर्यंत लांब करायचा आणि गरम मडक्यावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. लुगड्यासारखी पातळ निघते. आमच्या घरात ही होत नव्हती. पलीकडे पाहुणा आला की व्हायची. वास अलीकडे यायचा, एवढाच आमचा संबंध.

"पाहुन्याची रोटी ते. तिच्यासाठी मिनटं काऊन मोजाची?" मी विचारलं.

"लग्नात घालाची हाये मले. पाच पाच हजार लोकाईले."

"तुमच्या वस्तीत पाच हजार लोकं कुठं हाये?"

"वस्तीत काऊन? सगळ्याईच्या लग्नात."

मी दार लावून घेतलं. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं. माझ्या मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, जिनिंग बंद पडल्यावर एकेकाचं असं होतं.

तिचं आवडतं बोलणं एकच होतं. "लहान इचार कराले जेवढा येळ लागते, मोठा कराले तेवढाच लागते. मंग लहान काऊन करा?" कोणी काही म्हणालं की हे ठरलेलं उत्तर. मला त्याचा राग यायचा. मोठा विचार करणाऱ्या बऱ्याच लोकांना मी जिनिंगमध्ये पाहिलं होतं, आणि ते सगळे निघून गेल्यावर कुलूप लावायला माझे मालकच उरले होते.

रोटी इतकी पातळ आणि पांढरी निघते कशी, याचाही मला संशय होता. मैदा घालत असेल असं वाटलं. मी गिरणीवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मैदा नाई बाई. लोकवन गहू आनते. पन लय त्रास देते. पहिले आपले दोन पसे गहू टाकते, थे पीठ गाईले घालते, मंग बाकीचं दळते. आधीच्याची ज्वारी मिसळली असन म्हनते. माझ्यावर भरोसाच नाई तिचा."

ते मात्र खरं होतं. तिचाही कोणावर भरोसा नव्हता. कुंभाराकडची मडकी ती एकेक बोटानं वाजवून, कानाशी धरून घ्यायची. शंभरातली वीस निघायची. भिजवलेली परात सोडून ती अंगणाबाहेर जायची नाही. मदतीला बाई ठेवली तर पहिला महिना फक्त पीठ गाळायला लावायची, मिठाला हात लावू द्यायची नाही. रोज नखं पाहायची. एकीनं विचारलं, "माझ्यावर शक हाये का तुले?" तर म्हणाली, "सगळ्याईवर हाये. तुह्यावर जास्त नाई."

आणि एक खोड होती. माणसं जमलेली दिसली की ती मोजायची. बाजार असो, सभा असो. जिनिंगचे शेठ वारले तेव्हा सगळं गाव मयताला गेलं होतं. बाया एका बाजूला बसलेल्या. माझ्यापासून दोन हात अंतरावर पंचफुला. सगळ्या डोळ्याला पदर लावून, आणि ही मान उंच करून पाहते आहे. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "अकराशे हायेत बाई. सहा चुली लागन."

"लाज वाटू दे व," मी म्हणाले.

"मयताचं नाई म्हनत. आकडा सांगून राह्यली."

लग्नात शिरायचं तर बिछायतवाल्याकडून शिरावं लागतं. मांडव त्याचा, भांडी त्याची, आचारीही त्याच्याच ओळखीचा. सेलूला मोतीभाऊ नावाचा बिछायतवाला होता. गोल पोटाचा, बोलायला गोड, मनातून पक्का. पंचफुला एक दिवस मडकं, लाकडं आणि परात घेऊन सेलूला त्याच्या दुकानासमोर जाऊन बसली आणि तिथंच चूल मांडली. ही गोष्ट पुढं मोतीभाऊनंच कितीतरी वेळा सांगितली. तो म्हणाला, "बाई, दुकान माझं हाये, रस्ता सरकारचा हाये, चूल कोनाची?" ती म्हणाली, "पहिले खा. मंग बोला."

त्यानं दुकानाच्या मागे जाऊन खाल्ली. समोर खाल्ली नाही. खाऊन आला आणि म्हणाला, "रोटी एक नंबर. पन लोकं खातीन का? तुही रोटी, तुहं आडनाव. तुले समजते मी काय म्हनून राह्यलो थे."

"समजते."

"मंग असं कर. मांडवाच्या मागं बसजो. आचाऱ्याच्या आड. कोनाले दिसा नाई लागत."

"मागं नाई बसत. गेटापाशी बसीन. सगळ्याईच्या समोर."

"काऊन व?"

"मागं केलेलं खातानी मानसाले शंका येते. डोळ्यासमोर केलेलं तो खाते. पहा तुमी."

यात तिची हुशारी होती, हे मी तेव्हाही मानलं होतं. मोतीभाऊ कबूल झाला, पण त्याची एक अट होती. आडनाव सांगायचं नाही, सिंदीही सांगायची नाही. कोणी विचारलं तर नागपूरची. आणि पंचफुला त्या अटीला हो म्हणाली. मोठा विचार करणारी बाई इथं लहान झाली, असं मी मनात म्हटलं आणि मला थोडं बरं वाटलं.

चार-पाच वर्षं ती 'नागपूरवाली' होती. गेटापाशी तीन चुली, तीन बाया, मध्ये ही. लोक मांडवात शिरता शिरता थांबायचे. रोटी हातावर झुलताना पाहायला पोरं, म्हातारे सगळे गोळा व्हायचे. खात होते, मागून मागून खात होते. आमच्या गल्लीतल्यांना खरं माहीत होतं. पण ज्यांनी तिला नालीपलीकडे रोज पाहिलं होतं, तेही सेलूच्या लग्नात "वा, नागपूरवाली!" म्हणून खायचे. घरी येऊन गप्प बसायचे. मी खात नव्हते आणि बोलतही नव्हते.

मग ते सेलूचं लग्न झालं. एका कापूस दलालाच्या मुलीचं. माझ्या मालकांची जुनी ओळख, म्हणून आम्हाला बोलावणं होतं. उन्हाळ्याचे दिवस, अकराचा मुहूर्त, बाराला पंगत. मी सावली पाहून बसले होते, तिथून गेटापाशी बसलेली पंचफुला समोर दिसत होती. त्या दिवशी तिचा हात असा चालत होता की मांडवातल्या अर्ध्या लोकांची पाठ नवरानवरीकडे होती. एकजण म्हणाला, अशी बाई आपल्या भागात जन्माला येत नाही, ती नागपूरचीच पाहिजे. मला ते लागलं. का लागलं ते सांगते. चार घरं सोडून राहणारी नाही, समोर राहणारी बाई. आणि तिच्याबद्दल लोक खोटं बोलतात, तीही खोटं बोलते, आणि एवढं कौतुक होतं.

नवरदेवाची आत्या माझ्याजवळ येऊन बसली. हातात ताट, ताटात रोटी, अर्धी खाल्लेली.

"हे रोटीवाली कुठची व बाई?"

"हे? हे आमच्या सिंदीची. आमच्या नालीपलीकडची. पंचफुला थूल."

एवढंच. मी खोटं काही सांगितलं नाही. पण मी का सांगितलं हे मला माहीत होतं.

आत्याचा हात थांबला. तिनं ताट खुर्चीखाली सरकवलं. उठली, पलीकडे बसलेल्या बाईच्या कानाला लागली. ती तिसरीच्या. कोणी ओरडलं नाही, कोणी भांडलं नाही. आमच्याकडे असं होत नाही. सगळ्यांचं एकदम पोट भरलं. "नको, पोट भरलं." "मले भूकच नाई." "सकाळी नाश्ता जास्त झाला." पंगतीत बसायच्या आधीच शंभर माणसांची भूक गेली. गेटापाशी रोट्यांची चवड वाढत गेली आणि समोर कोणी नाही.

मोतीभाऊ धावत आला. "नागपूरची सांगतलं होतं ना मी! कोनं तोंड उघडलं?"

पंचफुलानं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि परातीत जेवढं पीठ होतं तेवढ्याच्या रोट्या करून संपवल्या. कोणी खाणार नव्हतं तरी केल्या. चवड कापडात बांधली, मडकी बैलगाडीत ठेवली आणि गेली. संध्याकाळी सगळी वस्ती लग्नाच्या रोट्या खात होती. वास माझ्या घरात येत होता.

मला वाटलं, आता ही फरशी ओलांडून येईल आणि माझ्या झिंज्या धरेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी दारात दिसली तेव्हा म्हणाली, "पानी आलं का बाई नळाले?" मी म्हणाले, आलं. झालं बोलणं.

यानं मला जास्त भीती वाटली. जी बाई पसाभर ज्वारीच्या संशयानं पीठ गाईला घालते, ती एवढं सोडून देईल? ही काहीतरी धरून बसली आहे, वेळ पाहते आहे, असं माझ्या मनानं घेतलं. पुढची दहा-बारा वर्षं मी ते पाहत बसले. तिनं हसून विचारपूस केली तरी मी मागचं पुढचं तपासत होते.

मोतीभाऊनं तिला काम देणं बंद केलं. दोन उन्हाळे ती रिकामी होती. देवरावनं मुकाट्यानं फोडलेली लाकडं अंगणात तशीच पडून राहिली. आणि त्या रिकाम्या दिवसांत तिनं काय केलं, तर पाटी रंगवून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'पंचफुला थूल, लंबी रोटीवाली, सिंदी (रेल्वे)'. आडनाव नावापेक्षा मोठं. वाळायला ठेवली ती माझ्या दाराकडे तोंड करून.

"एवढं मोठं आडनाव काऊन टाकलं व?" मी म्हणाले.

"दुरून दिसलं पाह्यजे. जवळ येऊन, खाऊन मंग वापस नाई गेला पाह्यजे कोनी."

तेव्हापासून पाटी नाही तर चूल नाही, हा तिचा नियम. आधी वस्तीतली लग्नं, मग वर्ध्याच्या बाजूची होस्टेलं. होस्टेलच्या पोरांना आडनावाशी देणंघेणं नव्हतं, भुकेशी होतं. मग नागपूर रोडवरचा एक ढाबा. तिथं ट्रक थांबायचे आणि ड्रायव्हर पाटी वाचायचे नाहीत. तीन चुलींच्या आठ झाल्या, आठाच्या वीस. पहाटे चारला तिचं पीठ गाळणं सुरू व्हायचं ते मी अंथरुणातून ऐकायचे. सणाला नाही, आजारपणाला नाही, एक दिवस चुकलेलं मला आठवत नाही. हातावरची लव जळून गेली होती, कोपरापर्यंत डागच डाग. डोळे कायमचे लाल. कोणीतरी पेपरात छापलं, सिंदीची बाई रातोरात मोठी झाली. कोणी तिला वाचून दाखवलं तर ती चिडली. "रातोरात म्हने! याले बसवा माझ्या चुलीपाशी एक दिवस, म्हनजे रात कुठं संपते थे समजन."

पुढं तिनं वर्ध्याजवळ पिपरी मेघेला जागा घेतली, टिनाचं मोठं शेड टाकलं आणि तिकडे राहायला गेली. मला वाटलं, सुटले.

मग माझ्या मुलाची रिक्षा बंद पडली आणि माझी सून संध्या म्हणाली, "आई, मी पंचफुलाबाईकडं कामाले जाऊ का?"

हा तो सूड, असं माझ्या मनात आलं. माझ्या घरातली बाई तिच्या चुलीपाशी बसवायची. मी म्हणाले, "तुले तिनं बोलावलं का?"

"नाई. मीच गेलती इचाराले."

"काय म्हनाली?"

"नखं पाह्यली. अन् म्हने, महिनाभर पीठ गाळा लागन."

"माझं काही इचारलं?"

"इचारलं ना. आईचे गुडघे कसे हाये म्हने."

गुडघे कशाला विचारले, याचा मी दोन दिवस विचार केला. त्यात काही सापडलं नाही. घरात दुसरं काही येणार नव्हतं, म्हणून जा म्हणाले.

संध्या वर्षभरात मडक्यापाशी रोट्या करायला बसू लागली. त्याच हंगामात वर्ध्याला एका बांधकामवाल्याच्या घरचं लग्न आलं. मैदानावर मांडव, पाच हजार माणूस. पंचफुलानं पाच हजार हा आकडा पहिल्यांदा बोलून दाखवला होता तेव्हा मी दार लावलं होतं. आता तीस चुली एका ओळीत, तीस बाया, गेटापाशी, वर पाटी. मोतीभाऊही तिथंच होता, मांडव त्याचाच. आता तो तिला ताई म्हणत होता. मी संध्याबरोबर गेले. बोलावणं नव्हतं. मला पाहायचं होतं.

पाच वाजता वऱ्हाड यायचं होतं. साडेचारला नवरदेवाचा मोठा भाऊ पाहणी करायला आला, कोट घालून. पाटीसमोर थांबला. वाचली. थोड्या वेळानं दोन माणसं शिडी घेऊन आली आणि पाटीवर मांडवाची गुलाबी झालर टाकून गेली. गाठी मारून.

पंचफुलानं वर पाहिलं. भांडली नाही. म्हणाली, "हात थांबवा. कनिक झाका."

तीस बायांचे हात थांबले. सगळ्या परातींवर ओली फडकी पडली. ती तिच्या पाटावर बसून राहिली.

कोटवाला आला. "काय झालं? सुरू करा ना."

"थे कापड काढा."

"सजावट हाये ते."

"मालूम हाये. काढा."

"जास्तीचे पाह्यजे का? तसं बोला."

"नाई."

"मंग? पाटीनं काय रोटी गोड होते का?"

"होते," ती म्हणाली.

आता हे लक्षात घ्या. लंबी रोटीची कणीक उन्हाळ्यात तासभर थांबते. त्याच्या पुढं ती हातावर धरत नाही, फाटते. पाच हजार माणसांची कणीक भिजलेली होती. ती फाटली असती तर दुसऱ्या दिवशी वर्ध्यापासून सेलूपर्यंत एकच बोलणं झालं असतं की पंचफुला थूलनं लग्न बुडवलं, आणि तिला पुन्हा कोणी उभं केलं नसतं. वीस वर्षांची मेहनत त्या परातींमध्ये होती. ती मनगटावरच्या घड्याळाकडेही पाहत नव्हती.

कोटवाल्यानं बाया न्याहाळल्या. संध्यापाशी थांबला. कोणीतरी त्याला सांगितलं असेल. "वहिनी, तुमी तर आपल्यातल्या हाये. तुमी सुरू करा. तुमचं पाहून बाकीच्या करतीन."

खरं सांगते, मला वाटलं तिनं सुरू करावं. मी डोळ्यांनी तिला तसं सांगितलंही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मले येत नाई भाऊ," ती म्हणाली. "रोटी त्याईची हाये. मी नुसती भाजते."

तेवढ्यात बँडचा आवाज जवळ आला. वऱ्हाड चौकापर्यंत पोचलं होतं. मोतीभाऊ घामानं भिजला होता. त्यानं एकदा परातींकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, शिडी लावली आणि त्या वयात, त्या पोटानं वर चढून स्वतः झालर ओढून काढली. त्याला काही पटलं वगैरे नव्हतं. त्याला त्याचा मांडव वाचवायचा होता.

"झालं का, ताई?" तो वरूनच ओरडला.

"हात चालवा," पंचफुला म्हणाली.

मी गेटाजवळ उभं राहून पाहत होते. पाटी वाचून मागे वळणारे मोजले. तासाभरानं ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी म्हणाले, "अकरा लोकं वापस गेले. पुऱ्या खाऊन राह्यले तिकडं."

"बारा," ती म्हणाली. "एक थो खांबामागं उभा हाये. पन थो खाईन, पहाजो."

त्या दिवशी मी ती रोटी खाल्ली. उभ्यानं, गेटापाशी. तोंडात विरघळली वगैरे मी लिहिणार नाही. चांगली होती. मीठ बरोबर होतं. कोणी पाहिलं का ते मी पाहिलं, आणि कोणी पाहत नव्हतं. पंचफुला पाहत होती का, माहीत नाही. तिची पाठ होती.

त्यानंतर तिचं बोलावणं दूरदूरचं होऊ लागलं. मी तिला शेवटची पाहिली ती सिंदीच्या फलाटावर. दिल्लीला कसली तरी मोठी जत्रा होती, सगळ्या राज्यांचं खाणं ठेवतात तशी. तिला तिथं बोलावलं होतं. मडकी आमच्याच कुंभाराकडची पाहिजे म्हणून ती स्वतः सिंदीला आली होती. तणसात गुंडाळलेली मडकी खोक्यांत भरून फलाटावर मांडलेली, भोवती सहा बाया, त्यांत संध्या. मी संध्याला पोचवायला गेले होते. पॅसेंजर उशिरा होती. पंचफुला बाकावर बसली होती, मी तिच्या शेजारी बसले. दोन हात अंतर ठेवलं नव्हतं.

मी म्हटलं, आता नाही विचारलं तर राहून जाईल.

"पंचफुला, सेलूच्या लग्नात मी सांगतलं. तुले मालूम हाये मीच सांगतलं. तू मले एका शब्दानं बोलली नाई. काऊन?"

ती रुळाकडे पाहत होती. "थे आत्याबाई पहिले माझ्यापाशीच आलती."

"कोन?"

"नवरदेवाची आत्या. मले इचारे, तू कुठची म्हून. मी म्हनलं, थ्या तिकडं बसल्या त्या बाईले इचारा. माझ्या शेजारीन हाये."

"तुले मालूम होतं मी सांगन?"

"तुमी खोटं बोलत नाई बाई. अन् तुमच्या पोटात राहत नाई. दोनी मालूम होतं मले. नागपूरवाली होऊन होऊन कटाळली होती मी. माझ्या तोंडानं सांगाची हिंमत होत नोती. म्हनून तुमच्या तोंडानं सांगतलं."

तिचे खांदे हलले. गाडी आली. दोन मिनिटं थांबते आमच्याकडे. खोकी चढवायची धावपळ झाली, ती ओरडून ओरडून सांगत होती, "उभं धरा, आडवं नाई!" दारात उभी राहिली तेव्हा तिनं मला हात केला नाही. तिचे दोन्ही हात एका खोक्याभोवती होते. गाडी गेली.

घरी येईपर्यंत मला राग आला होता. इतकी वर्षं मी जिच्या सुडाची वाट पाहिली, तिनं मला आधीच वापरून घेतलं होतं. म्हणजे माझा संशय बरोबर होता, बाई पक्की होती.

पण रात्री जेवताना दुसरंच मनात आलं. आत्या तिच्याकडे गेलीच नसेल तर? मी म्हातारी झाले, माझे गुडघे गेले, मी उगाच मनाला लावून घेते, म्हणून तिनं ऐन गाडीच्या वेळी एक गोष्ट रचून माझ्या हातात ठेवली असेल तर? मला असं कोणाचं दिलेलं नको आहे. केलं ते मी केलं, मला माहीत होतं मी का केलं.

दिल्लीहून परतलेली संध्या म्हणते, तिला फोन लावून देते, विचारून घ्या. मी नाही म्हणते. पंचफुला जे सांगेल ते मला खरं वाटणार नाही. त्यापेक्षा मी स्वतः आठवून पाहते. मांडव आठवतो, ऊन आठवतं, आत्याच्या हातातली अर्धी रोटी आठवते. पण ती माझ्याकडे आली ती चुलींकडून आली की मांडवाकडून, तेवढं आठवत नाही.